सतरा मिनिटं पुढे

आमच्या हॉलमधलं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. ते बिघडलेलं नव्हतं. मी तसं ठेवलं होतं.

त्यातली दहा मिनिटं यांची. एकनाथराव महसूल खात्यात होते, आणि उभ्या आयुष्यात एकदाही वेळेवर चपला घालून दारात उभे राहिले नाहीत. लग्नानंतर महिन्याभरात मी स्टुलावर चढून काटा दहा मिनिटं पुढे सरकवला आणि यांना ऑफिसात बोलणी बसायची थांबली. मग समीर झाला, तो थेट बापावर गेला. शाळेच्या पहिल्याच वर्षी त्याच्या नावाने पाच मिनिटं चढवली. उरलेली दोन आमच्या हैदराबादेत नल्लकुंट्याहून कोटीकडे जाणाऱ्या बसची, कारण ती बस अधूनमधून वेळेच्या आधी येते, केवळ मला चुकवायला. यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला निवृत्त होऊन नऊ. पण यांची दहा मिनिटं मी काढलेली नाहीत, आणि कुणी काढायला जाऊही नये.

तुम्ही म्हणाल, घड्याळ पुढे आहे हे माहीत असताना माणूस फसतो कसा? फसतो. मी एकतीस वर्षं जामबागेतल्या शाळेत मुलांना गणित शिकवलंय. वजाबाकी येणं वेगळं आणि सकाळी एक पाय मोज्यात असताना वजाबाकी करणं वेगळं.

चार वर्षांपूर्वी समीरचं लग्न झालं. गौलीगुड्याच्या माहेरातून श्रुती या घरात आली. आठवड्याभरात तिला घड्याळाची भानगड कळली तेव्हा तिने हसत विचारलं होतं, "आई, यात माझी किती?"

"तुला कशाला? तू वेळेवर असतेस," मी म्हटलं. मला वाटलं, मी कौतुक केलं.

"हौ," ती म्हणाली, आणि तेव्हापासून ती वेळ मोबाइलवर बघते.

श्रुती ब्राउझर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं बघतो ते. त्याच्या पोटात, तुमच्या-माझ्या नजरेला कधी न पडणारी, अवजारांची एक पेटी असते. डेव्हलपर टूल्स. ती पानं बनवणाऱ्यांसाठी. त्या पेटीतलं टाइमलाइन नावाचं अवजार श्रुतीकडे आहे. पान उघडताना आत कोणतं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे ते आडव्या पट्ट्या काढून दाखवतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हे तर शाळेचं वेळापत्रक! कोणाचा तास कधी, कोण रिकामं बसलंय, सगळं एका कागदावर. मला त्या दिवसापासून तिच्या कामाबद्दल आदर वाटायला लागला. बोलून दाखवला नाही, पण वाटायला लागला.

तर या टाइमलाइनमध्ये बग, म्हणजे चूक, निघाला. पान सर्व्हरला, म्हणजे दूरच्या एका मोठ्या यंत्राला, काहीतरी विचारतं आणि सर्व्हर उत्तर देतो. पट्टी प्रश्नापाशी सुरू होते आणि उत्तरापाशी संपते. श्रुतीच्या लॅपटॉपवर मात्र रोज सकाळी एक तरी पट्टी अशी निघायची की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या पट्ट्या आधीच्या पट्ट्यांवर चढून बसायच्या आणि सगळा नुसता गोपाळकाला.

"प्रश्नाच्या आधी उत्तर?" मी म्हटलं. "आमच्याकडे असं झालं की आम्ही पालकांना बोलावत असू."

श्रुती हसली नाही. बाहेरच्या पाच-सात लोकांनीही असल्याच तक्रारी चित्रांसकट पाठवल्या होत्या, पण टीममध्ये हा प्रकार फक्त तिच्या लॅपटॉपवर दिसत होता, तोही फक्त सकाळी. दुपारी ती हात धुऊन मागे लागली की सगळ्या पट्ट्या शहाण्या मुलांसारख्या सरळ. तिचा साहेब कुलदीप बेंगळुरूला बसतो. त्याचं एकच पालुपद होतं. "मॅडम, मेरे इधर तो नहीं हो रहा."

यात गंमत वाटावी असं काही राहिलं नाही, कारण कंपनीने सगळ्यांना बेंगळुरूला गोळा करायला घेतलं होतं. ज्यांचं काम त्यांच्या हातात पक्कं आहे त्यांनी घरी बसून करावं, बाकीच्यांनी तिकडे यावं. गुरुवारपर्यंत बग सुटला नाही तर टाइमलाइन तिकडच्या माणसांकडे जाणार होती आणि तिच्यामागून श्रुती. श्रुतीमागून समीर, त्याने आपल्या औषध कंपनीत बदलीचा अर्ज लिहूनही ठेवला होता. "आई, तू पण चल," असं तो म्हणाला, पण म्हणताना घड्याळाकडे बघत होता.

मला ते जायला नको होते. हे मी इथे सरळ लिहिते, कारण तोंडाने मी त्या दिवसांत वेगळंच बोलत होते. "जा ना, तिकडे हवा चांगली आहे," असं. तीन खोल्यांत एकटीने कुणावर ओरडायचं?

आता माझ्या सकाळच्या कामाचं सांगते. नऊच्या ठोक्याला मी फडकं घेऊन निघते. हॉल, मग समीरची खोली, मग श्रुतीचं टेबल. त्या वेळी श्रुतीने लॅपटॉपवर काहीतरी लांबलचक रेकॉर्डिंग लावलेलं असतं आणि ती आंघोळ-नाश्त्याला गेलेली असते. मी पडदा पुसते, कळा पुसते. आणि त्या लॅपटॉपचं एक लक्षण मला पहिल्यापासून पसंत नव्हतं. हे एवढं महागाचं यंत्र, पण त्याचं घड्याळ रोज मागे! मी अडाणी नाही. कोपऱ्यातल्या वेळेवर क्लिक करायचं, 'आपोआप' लिहिलेलं बटण बंद करायचं आणि बरोबर वेळ लावायची, हे मी माझं मी शिकले होते. मी रोज लावायची आणि दुसऱ्या दिवशी ते बटण पुन्हा चालू, घड्याळ पुन्हा मागे. हट्टी विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. मीही सोडलं नाही.

श्रुतीने त्या शेवटच्या आठवड्यात काय काय केलं नाही! वायर बदलली. इंटरनेटचा डबा हॉलमधून आपल्या खोलीत नेला. तीन हजार ओळी पुन्हा वाचल्या म्हणे. मंगळवारी तिने जेवताना भातावर वरणाऐवजी पाणी घेतलं आणि तसंच खाल्लं. मी म्हटलं, "अगं, पट्टी उलटी धरली असशील." यावर ती माझ्याकडे इतक्या दमलेल्या डोळ्यांनी बघत राहिली की मी तिच्या पानात आणखी एक पापड ठेवला.

बुधवारी दुपारी मी कोथिंबीर निवडत होते. श्रुतीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि कुलदीप स्पीकरवर होता.

"फरक रोज सेम आहे, कुलदीप," श्रुती त्याला तिच्या हिंदी-इंग्रजीत सांगत होती. "मी आज सगळ्या दिवसांचा मोजला. सतरा मिनिटं. बरोब्बर सतरा."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

सतरा हा आकडा जगात इतरांचाही असेल, पण मला तसं वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मी कोथिंबिरीची पानं टाकून दिली आणि काड्या ताटलीत ठेवल्या, आणि ते मला संध्याकाळी चटणी वाटताना कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पोर बेंगळुरूपर्यंत शोधत होती, आणि कळसा माझ्या काखेत होता, फडक्यात गुंडाळलेला.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एकतीस वर्षांत मी चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नाही, मलाही नाही. एकदा फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं होतं, तर मुलांना म्हटलं, बघू कोणाच्या लक्षात येतं. मी मनाशी म्हटलं, उद्यापासून हात लावायचा नाही, बग आपोआप जाईल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. हे धोरण मला बरं वाटलं. ते संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं.

चहाच्या वेळी श्रुती फोनवर समीरशी बोलत होती. बेंगळुरूला कोणत्या भागात घर बघायचं, असं काहीसं. "दोन खोल्यांचं चालेल," ती म्हणाली. "आई तर येणार नाहीत."

मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"फोन ठेव. तुझ्या लॅपटॉपचं घड्याळ रोज सतरा मिनिटं मागे असतं."

"मागे नसतं, आई. बरोबर असतं ते."

"हॉलमधल्या घड्याळाच्या मानाने मागे असतं."

"हौ. मग?"

"मग मी ते लावते. रोज. पुसता पुसता."

श्रुतीने कप खाली ठेवला. "किती वाजता?"

"नऊला. तुझ्या नव्हे. माझ्या नऊला."

"आठ त्रेचाळीस," ती हळूच म्हणाली. मला वाटलं, आता ही ओरडणार, आणि ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पहिल्यांदाच घेतलं असतं. पण ती उठली, माझा हात धरला आणि मला ओढतच तिच्या टेबलापाशी घेऊन गेली.

"आई, पुन्हा करा."

"अगं, चुकून झालं—"

"नक्को, आई, खरंच पुन्हा करा! फडक्यासकट करा!"

तिने रेकॉर्डिंग लावलं. मी बटण बंद केलं, वेळ सतरा मिनिटं पुढे केली. पडद्यावरची एक पट्टी एकदम लांब पळाली. मग श्रुतीने बटण पुन्हा चालू केलं. कंपनीचं देखरेख करणारं काहीतरी असतं, ते रोज थोड्या वेळाने हेच करायचं. माझा हट्टी विद्यार्थी तो होता. घड्याळ मागे आलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक पट्टी उलटी झाली. उत्तर आधी, प्रश्न नंतर.

"आला! आला!" श्रुती ओरडली आणि तिने मला मिठी मारली. वरच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी गॅलरीतून वाकून विचारलं, "कोण आलं ओ?" त्यांना काय सांगणार, बग आला म्हणून!

ती मला भराभर समजावू लागली. कोडमध्ये सगळीकडे वेळ मोजायला आतला एक पक्का मोजणारा वापरला होता, सुरू केल्यापासून फक्त पुढेच जाणारा, कुणाला हात न लावू देणारा. एका जागी मात्र फार वर्षांपूर्वी कुणीतरी सरळ कोपऱ्यातलं घड्याळ बघून वेळ लिहिली होती. ते घड्याळ सरकलं की पट्टी सरकली.

गुरुवारी अकराला मीटिंग होती. मी दाराआड फडकं घेऊन उभी होते, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं तरी. श्रुतीने सगळं सांगितलं. पडद्यावरच्या चौकटींत दहाबारा तोंडं होती, ती सगळी हसायला लागली. कुलदीप तर डोळे पुसत होता.

"मतलब बग नहीं है," तो म्हणाला. "सासूमाँ है! क्लोज करो. घड़ी कोई हिलाएगा तो टाइमलाइन क्या करेगी? और वो बाकी काम बेंगळुरू में—"

मग मात्र मी आत गेले.

"मैं मालन टीचर," मी म्हटलं. माझी हिंदी हैदराबादची आहे, त्यामुळे पुढचं ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबलं. मराठीत सांगायचं तर ते असं:

"एका परीक्षा केंद्रावर मी देखरेखीला होते. मुलांचा गणिताचा पेपर, तीन तासांचा. मधेच हॉलमधलं घड्याळ बंद पडलं. शिपायाने अंदाजाने लावलं, ते पंधरा मिनिटं पुढे. दुसऱ्या बाई म्हणाल्या, काट्याप्रमाणे वेळ संपली, पेपर गोळा करा. मुलं रडायला आली. मी म्हटलं, पेपरला कुणी हात लावायचा नाही. तीन तास म्हणजे तीन तास. मी घंटा पडल्यापासून मोजतेय, भिंतीकडे बघून नाही. घड्याळ कुणी फिरवलं ही मुलांची चूक नाही. आणि कुलदीपजी, घड्याळ मी फिरवलं ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण भिंतीकडे बघून मोजलं ही तुमची. हिने ती शोधून काढली, आणि तुम्ही तिलाच परीक्षेतून उठवताय?"

श्रुती माझ्याकडे बघत होती. मी चूक मान्य करते म्हटलं ते तिच्या कानांनी ऐकलं होतं आणि दहाबारा साक्षीदार होते.

"आणि आईच घड्याळ हलवतात असं नाही," ती कुलदीपला म्हणाली. तिचा आवाज आता पक्का होता. "बऱ्याच वेळाने जागं झालेलं यंत्र आपलं घड्याळ आपणच दुरुस्त करून घेतं. त्या बाहेरच्या लोकांच्या तक्रारी त्यातल्याच असणार. तुझ्या मशीनवर करून बघ."

कुलदीपने बघितलं. आम्हाला नुसता त्याच्या बोटांचा आवाज येत होता.

"अरे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मेरे इधर भी हो रहा."

त्या दुपारी श्रुतीने ती ओळ बदलली. शोधायला अठरा दिवस लागले आणि बदलायला चहा निवायच्या आत झालं. जोडीला तिने एक चाचणी लिहिली. रेकॉर्डिंग चालू असताना ती मुद्दाम घड्याळ सतरा मिनिटं पुढे-मागे करते आणि पट्ट्या सरळ राहतात की नाही ते बघते. म्हणजे माझंच काम, फक्त फडक्याशिवाय. शुक्रवारी कुलदीपने ते सगळं तपासून पास केलं. टाइमलाइन श्रुतीकडेच राहिली, श्रुती नल्लकुंट्यात राहिली आणि समीरने अर्ज फाडला.

पण तपासताना कुलदीपने तिला एक प्रश्न विचारला होता, आणि मी स्वयंपाकघरातून तो ऐकला. सतराच का? दहा नाही, साठ नाही, सतरा?

श्रुतीने हसत हसत फोड करून सांगितली. दहा बाबांची, पाच समीरची, दोन बसची.

"और आपके कितने?" त्याने विचारलं.

"मेरे नहीं हैं," श्रुती म्हणाली. तेही हसतच.

मी गॅस बारीक केला. चार वर्षांपूर्वीचं तिचं ते "माझी किती?" आणि माझं ते कौतुक मला आठवलं. या घरात वेळी-अवेळी धावणाऱ्या सरकारी बसच्या नावावर दोन मिनिटं आहेत आणि सुनेच्या नावावर एक नाही. गणिताची बाई मी. मला फार वाईट वाटलं. पण उगीच कशी चढवणार? पोरगी एकदाही उशीर करीत नव्हती. या घरात फुकटची मिनिटं कुणाला मिळालेली नाहीत, यांनासुद्धा नाही.

सोमवारी मात्र देव पावला. मी एक वाजता पानं वाढली आणि श्रुती आली नाही. आत कुणीतरी फोनवर तिचं अभिनंदन करीत होतं आणि तिला तो तोडवत नव्हता. वरणावर साय धरली. ती धावत आली.

"सॉरी आई, तो ठेवतच नव्हता—"

"तीन मिनिटं उशीर," मी म्हटलं आणि स्टूल ओढलं.

"आई, काय करताय? पडाल!"

"स्टूल धर."

तिने धरलं. मी घड्याळ खाली घेतलं, काटा तीन मिनिटं पुढे केला, काच पुसली आणि पुन्हा टांगलं. उतरले तरी तिने स्टूल सोडलं नव्हतं. तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, मोबाइलकडे नाही, आणि तिच्या ओठांनी केलेली वजाबाकी मला दिसली.

"वरण निवतंय," मी म्हटलं. आम्ही जेवलो. तिने दोनदा भात घेतला.

संध्याकाळी ती लॅपटॉप उचलून माझ्यापाशी घेऊन आली आणि त्या चाचणीतली एक ओळ बोटाने दाखवली. सतराचा आकडा गेला होता. तिथे वीस होते.

"कुलदीपने विचारलं नाही, का बदललं म्हणून?"

"विचारलं," श्रुती म्हणाली. "मी सांगितलं, आता त्यात माझी तीन आहेत."